भाकरीचा गौरव आणि भाकरीचा भाव

अन्नाविषयी बोलण्याची एक नवी प्रतिष्ठित रीत गेल्या दोन दशकांत जगभर रूढ झाली आहे. या रीतीत अन्न पोटात जाण्याआधी वारशाच्या यादीत जाते. युनेस्कोने २००३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनाचा करार संमत केला आणि २०१० पासून देशोदेशींच्या खाद्यपरंपरा त्या वारशाच्या यादीत दाखल होऊ लागल्या. २०१० मध्ये मेक्सिकोची पारंपरिक पाककला आणि फ्रेंच मेजवानीची पद्धत, २०१३ मध्ये जपानचा आहार आणि दक्षिण कोरियातील किमची घालण्याची सामुदायिक रीत, २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा भाजणाऱ्यांची कला, २०२१ मध्ये हैतीचे भोपळ्याचे सूप. अशा प्रत्येक नोंदीनंतर मंत्रिमहोदय अभिनंदनाची पत्रके काढतात, पर्यटन खाते जाहिराती देते आणि एरवी गरिबांच्या अन्नाकडे ढुंकूनही न पाहणारी बडी हॉटेले त्याच अन्नाचे सप्ताह साजरे करतात.

गौरवाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. ज्या समाजांना शतकानुशतके रानटी म्हणून हिणवले गेले, त्यांच्या हातच्या अन्नाचा सन्मान होतो यात न्यायाचा अंश निश्चितच आहे. परंतु या गौरवाच्या समारंभात तीन प्रश्न कधीच विचारले जात नाहीत. हे धान्य ज्या जमिनीत पिकते ती जमीन कोणाची? त्या धान्याचा भाव कोण ठरवतो? आणि ते दळण्याचे, रांधण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात? हे प्रश्न वगळून केलेली परंपरेची स्तुती ही निष्पाप रसिकता राहत नाही. जी राजवट शेतकऱ्याच्या हातून धान्य काढून घेते तीच पदार्थाला मानपत्र देते, तेव्हा ते मानपत्र पांघरुणाचे काम करते. याचा सर्वांत ठळक पुरावा, ज्या देशाच्या पाककलेला हा मान सर्वप्रथम मिळाला, त्या मेक्सिकोनेच दिला आहे.

मक्याची मायभूमी आणि आयात मका

मका हे धान्य माणसाने सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत एका रानगवतापासून घडवले. एकाच शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची ‘मिल्पा’ ही पद्धत तेथील शेतकऱ्यांनी विकसित केली. मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीत नत्र साठवतो, भोपळ्याची पाने जमिनीचा ओलावा राखतात. ज्वारीच्या पिकात तुरीचे पाटे घालणाऱ्या दख्खनच्या शेतकऱ्याला हे शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग दळायचा आणि त्या पिठाची पातळ भाकरी, म्हणजे तोर्तिया, भाजायची, ही तेथील घरोघरची रीत. युनेस्कोच्या २०१० च्या नोंदीत या शेतीचा, या चुन्याच्या प्रक्रियेचा आणि दळणाच्या दगडांचा आवर्जून उल्लेख आहे.

त्या नोंदीपूर्वीच्या अठरा वर्षांत काय घडले होते? १९१० च्या क्रांतीतून मेक्सिकोच्या राज्यघटनेत अनुच्छेद २७ आला होता आणि त्याने गावाच्या सामाईक जमिनीला संरक्षण दिले होते. १९९२ मध्ये हा अनुच्छेद बदलून त्या जमिनीची खरेदी-विक्री खुली करण्यात आली. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका आणि कॅनडा यांच्याबरोबरचा मुक्त व्यापार करार अमलात आला. त्याच दिवशी चियापास प्रांतातील मूळनिवासी शेतकऱ्यांनी झापातिस्ता नावाने उठाव केला. हा योगायोग नव्हता. कराराचा अर्थ राजधानीतील अर्थशास्त्रज्ञांना कळण्याआधी त्यांना कळला होता. मक्याला पंधरा वर्षांचे संक्रमणकालीन संरक्षण देण्याचे करारात लिहिले होते. ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या आयातीवर जकात लावण्याचा अधिकारही सरकारकडे होता. सरकारने तो वापरलाच नाही. अमेरिकी सरकारच्या भरघोस अनुदानावर पिकलेला मका सीमेपलीकडून लोटू लागला. डोंगरउतारावर कुदळीने शेती करणाऱ्या कुटुंबाने शेकडो एकरांवर यंत्राने पेरणी करणाऱ्या आणि वर सरकारी मदत घेणाऱ्या अमेरिकी शेतमालकाशी ‘मुक्त’ स्पर्धा करावी, असा हा न्याय होता.

या कराराच्या समर्थकांनी एक आश्वासन दिले होते: शेतकऱ्याचे थोडे नुकसान होईल, पण ग्राहकाला अन्न स्वस्त मिळेल. हे आश्वासन तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक देशात ते याच शब्दांत दिले जाते. मेक्सिकोत मक्याचा भाव पडला, परंतु तोर्तियाचा भाव पडला नाही. धान्याची सरकारी खरेदी-विक्री करणारी कोनासुपो ही संस्था १९९९ मध्ये मोडीत निघाली, तोर्तियावरील सरसकट अनुदान आणि भावनियंत्रण त्याच सुमारास संपले, आणि पिठाचा धंदा मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती एकवटला. शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि खाणाऱ्याने मोजलेली किंमत यांतील फरक मधल्यांच्या खिशात गेला. पुढे अमेरिकेत मक्यापासून मोटारीचे इंधन काढण्याला सरकारी उत्तेजन मिळाले, मक्याचा भाव चढला, आणि जानेवारी २००७ मध्ये सहा-सात पेसो किलोची तोर्तिया अनेक ठिकाणी दहा पेसोंच्या वर गेली. मक्याच्या मायभूमीतील मजुराची भाकरी परदेशातील मोटारीच्या टाकीशी स्पर्धा करू लागली. नव्याने निवडून आलेल्या काल्देरॉन सरकारला मुक्त बाजाराचे तत्त्वज्ञान बाजूला ठेवून व्यापाऱ्यांशी साडेआठ पेसोंचा भाव ठरवून घ्यावा लागला. ३१ जानेवारी २००७ रोजी मेक्सिको शहरात शेतकरी, कामगार आणि गृहिणी यांचा प्रचंड मोर्चा निघाला. ‘मका नाही तर देश नाही’ ही त्या वर्षीच्या चळवळीची घोषणा होती.

पुढच्या तीनच वर्षांत जागतिक वारशाचे प्रशस्तिपत्र आले. ज्या मिल्पाचा त्यात गौरव आहे, ती करणाऱ्या कुटुंबांतील तरुण त्या वेळी अमेरिकेच्या शेतांत आणि हॉटेलांच्या मोरीवर राबत होते. कागदावर परंपरा जिवंत होती, परंतु ती जगवणारा माणूस परागंदा झाला होता. शेतकरी चळवळींच्या चिकाटीमुळे मार्च २०२५ मध्ये जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीस बंदी करणारी तरतूद मेक्सिकोच्या राज्यघटनेत आली, ही मोठी गोष्ट आहे. परंतु तिच्या आधी काय झाले तेही विसरता कामा नये. डिसेंबर २०२४ मध्ये व्यापार कराराच्या लवादाने अशा मक्याच्या वापरावरील मेक्सिकोचे निर्बंध कराराचा भंग ठरवले आणि ते सरकारला मागे घ्यावे लागले. म्हणजे मेक्सिकोत काय पेरायचे हे मेक्सिकोची संसद ठरवू शकते. तेथील माणसाने काय खायचे याचा निवाडा मात्र व्यापारी लवाद करतो.

धान्य उचलले, शहाणपण टाकले

मक्याचाच आणखी एक इतिहास आहे, आणि तो परंपरेच्या दोन्ही प्रकारच्या अर्धवट भक्तांनी वाचण्यासारखा आहे. स्पॅनिश जेत्यांनी मका युरोपात नेला, परंतु तो चुन्यात शिजवण्याची रीत नेली नाही. ती त्यांना अडाणी बायकांची खटपट वाटली. उत्तर इटलीत आणि स्पेनमध्ये मका हे गरिबांचे मुख्य अन्न झाले आणि त्याच्या पाठोपाठ पेलाग्रा हा रोग आला. कातडी खरखरीत होऊन सोलवटणे, पोट बिघडणे, शेवटी वेड लागणे आणि मृत्यू. स्पॅनिश वैद्य गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा रोग बोकाळला, तेव्हा तो जंतूंमुळे होतो असे डॉक्टर सांगत असत. १९१४ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर यांची सरकारने नेमणूक केली. हा संसर्ग नसून निकृष्ट आहाराचा परिणाम आहे, हे त्यांनी दाखवून दिले. चुन्याच्या प्रक्रियेमुळे मक्यातील जे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते, ते प्रक्रियेवाचून मिळत नाही, हे विज्ञानाला कळायला त्यानंतर आणखी वर्षे लागली. मेक्सिकोतील निरक्षर स्त्रिया ते हजारो वर्षे अमलात आणत होत्या.

येथेच थांबले, तर ही परंपरेच्या महात्म्याची गोष्ट ठरेल. परंतु गोष्ट येथे थांबत नाही. उत्तर इटलीच्या खेड्यांतील जमीनदार आणि व्यापारीही मका खात, त्यांना पेलाग्रा झाला नाही. त्यांच्या ताटात मक्याबरोबर मांस, चीज आणि भाजीपाला होता. कुळाच्या वाट्याचा गहू बाजारात किंवा मालकाच्या कोठारात जाई आणि त्याच्याकडे उरे तो केवळ मका. रोगाचे मूळ मक्याइतकेच बटाईच्या करारात होते. दख्खनच्या पठारावरही हेच दिसले. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळतो याकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. ज्वारी वाईट नाही. डाळ, भाजी, दूध यांच्या संगतीने ती उत्तम अन्न आहे. परंतु मजुराच्या थाळीत ज्वारीशिवाय दुसरे काहीच नसते, तेव्हा पूर्वजांच्या अन्नाचे गोडवे गाऊन त्याची कातडी वाचत नाही. पारंपरिक धान्यात सर्व रोगांवर उतारा आहे असे सांगणाऱ्या आजच्या आहारपंडितांनी हा दाखला लक्षात ठेवावा. पूर्वजांपैकी कोणाच्या ताटाविषयी ते बोलत आहेत, मालकाच्या की कुळाच्या?

स्वातंत्र्याचे सूप, परावलंबनाचा भात

मेक्सिकोत बाहेरच्या स्वस्त धान्याने जे केले त्याचे अधिक निर्दय रूप पाहायचे तर हैतीकडे वळावे लागते. १ जानेवारी १८०४ रोजी हैतीतील गुलामांनी फ्रेंच सत्ता उलथून स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली. गुलामांच्या यशस्वी बंडातून जन्मलेले जगातील हे एकमेव राष्ट्र. तेथे दरवर्षी १ जानेवारीला घरोघरी भोपळ्याचे सूप शिजते. गुलामगिरीत ते रांधायचे गुलामांनी आणि प्यायचे मालकांनी, गुलामांना त्याला तोंड लावण्याची मनाई होती, असे तेथील लोक सांगतात. म्हणून स्वातंत्र्यदिनी ते प्रत्येकाच्या वाटीत पडलेच पाहिजे. समतेचा इतका साधा आणि इतका नेमका उत्सव जगात दुसरा क्वचितच असेल. २०२१ च्या डिसेंबरात युनेस्कोने त्याला मान दिला, हे योग्यच झाले.

परंतु त्या वाटीशेजारच्या भाताची हकीकत कोणी सांगायची? स्वातंत्र्याची शिक्षा म्हणून १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून हैतीकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. पुढे ती ९ कोटींवर आणण्यात आली, परंतु ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचा विळखा विसाव्या शतकापर्यंत सुटला नाही. गुलामांनी आपल्याच मुक्ततेची किंमत मालकांना मोजली. तरीही १९८० च्या दशकापर्यंत हा देश आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. त्या दशकाच्या आरंभी आफ्रिकी डुकरांच्या तापाचा फैलाव थांबवण्यासाठी अमेरिकेच्या पुढाकाराने तेथील काटक गावठी डुकरांची सरसकट कत्तल झाली. शेतकऱ्याच्या घरी डुक्कर म्हणजे मुलाच्या शाळेची फी, आजारपणाचा खर्च, म्हणजे एका अर्थी त्याची पेढीच. बदली आलेल्या परदेशी डुकरांना पक्का गोठा आणि विकतचे खाद्य लागे. ते त्यांच्या धन्यालाही मिळत नव्हते.

नंतर भाताची पाळी आली. १९९४ मध्ये लष्करी बंडखोरांना हटवून निर्वाचित अध्यक्ष आरिस्तीद अमेरिकी फौजांच्या सोबतीने परतले, तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आर्थिक अटीही त्यांच्याबरोबर आल्या. १९९५ मध्ये तांदळाच्या आयातीवरील जकात अवघ्या ३ टक्क्यांवर आणण्यात आली. अनुदानित अमेरिकी तांदूळ बाजारात ओतला गेला. लोक त्याला ‘मायामी तांदूळ’ म्हणू लागले. आर्तिबोनीत खोऱ्यातील भातशेती कोसळली, शेतकरी राजधानीच्या झोपडपट्ट्यांत येऊन पडला. काही वर्षे भात खरोखरच स्वस्त मिळाला. मग २००८ मध्ये जागतिक बाजार कडाडला. स्वतःचे शेत गेले होते आणि बाजारचा तांदूळ आवाक्याबाहेर. एप्रिल २००८ मध्ये भुकेल्या जमावांनी रस्ते अडवले, माणसे मेली, आणि सिनेटने पंतप्रधान अलेक्सी यांना पदच्युत केले. मार्च २०१० मध्ये माजी अमेरिकी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की या धोरणाचा फायदा आपल्या आर्कान्सा राज्यातील काही शेतकऱ्यांना झाला असेल, परंतु हैतीची स्वतःचे पोट भरण्याची क्षमता त्याने गेली, आणि ती चूक होती. कबुलीबद्दल त्यांचे कौतुक करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की कबुलीने एकही शेत परत पेरले गेले नाही. आजही हैतीत खाल्ला जाणारा बहुतांश तांदूळ जहाजातून येतो.

हैतीचा धडा दुहेरी आहे. परंपरा म्हणजे सरंजामशाहीचा गाळ, माणसाने जे स्वस्त मिळेल ते खावे, असे मानणारा एक वर्ग पुरोगाम्यांतही आहे. स्वस्त अन्न कोणाच्या हातून येते हे न पाहता ते गोड मानले, तर दहा वर्षांनी ते महाग झाल्यावर परतायला स्वतःचे शेत उरत नाही, हे त्यांनी हैतीत पाहावे. आणि स्वातंत्र्याच्या सुपावर काव्यमय भाषणे करणाऱ्यांनी त्याच देशाच्या भाताची दशा पाहावी.

भाकरीचे नाव जीवन

मग जनतेच्या हाती काही उरते की नाही? याचे उत्तर इजिप्तच्या इतिहासात सापडते. इजिप्तच्या बोलीत भाकरीला ‘ऐश’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ जीवन. तेथे भाकरीचा प्रश्न वारशाच्या यादीने नव्हे, रस्त्याने ठरवला आहे. जानेवारी १९७७ मध्ये अध्यक्ष सादात यांच्या सरकारने नाणेनिधीच्या सल्ल्यावरून भाकरी, साखर, चहा अशा वस्तूंवरील अनुदान कापण्याचे जाहीर केले. १८ आणि १९ जानेवारीला अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत देश पेटला. सैन्य रस्त्यावर आले, सत्तरहून अधिक माणसे मारली गेली. सादात यांनी त्याला चोरांचे बंड म्हटले. परंतु दोनच दिवसांत दरवाढ मागे घेतली. चोरांपुढे कोणतेही सरकार इतक्या लवकर नमत नाही.

सत्ताधारी मात्र या पराभवातून एक धूर्तपणा शिकले: भाकरीची किंमत एकदम वाढवायची नाही, तिचे वजन उतरवायचे. १९८० च्या दशकात किंमत हळूहळू वाढून पाच पियास्तरांवर आली आणि तेथे थांबली. पुढे भाकरीच आक्रसत गेली, २०२० मध्ये तिचे वजन ९० ग्रॅमवर आले. २०११ च्या उठावात तहरीर चौकातील घोषणेत भाकरी, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय हे तीन शब्द याच क्रमाने आले. १ जून २०२४ रोजी सरकारने भाकरीची किंमत पाचावरून वीस पियास्तरांवर नेली. तीन दशकांहून अधिक काळ कोणत्याही राज्यकर्त्याला जे धाडस झाले नव्हते, ते विरोधाचा आवाज पुरता दडपल्यानंतरच झाले. तरीसुद्धा सवलतीच्या भाकरीची व्यवस्था आजही मोडता आलेली नाही. तिचे रक्षण कोणत्याही सांस्कृतिक संस्थेने केले नाही. १९७७ च्या स्मृतीने केले.

मिलोपासून श्रीअन्नापर्यंत

मेक्सिको, हैती, इजिप्त ही नावे महाराष्ट्राला दूरची वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेने १९५४ मध्ये केलेल्या ‘पीएल ४८०’ या कायद्याखाली अमेरिकी गहू भारतातही आला आणि इजिप्तमध्येही गेला. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी एकेका जहाजाची परवानगी हात आखडून दिली. परराष्ट्र धोरणाची लगाम धान्याच्या पोत्याला बांधलेली असते, हे तेव्हा भारताने अनुभवले. या गव्हाबरोबरच गाजरगवताचे बी आले असे मानले जाते. ते बी अद्याप महाराष्ट्राच्या बांधाबांधावर उगवते. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच्या मुलखातील माणसाने दुष्काळी कामावर खडी फोडून घरी नेली ती परदेशी तांबडी मिलो. तिची भाकरी थापताना तुटे, हे सांगणारी माणसे खेड्यापाड्यांत अजून आहेत.

त्याच १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरोधी महिला समितीत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनी निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांना एकत्र आणले. हाती लाटणे घेऊन स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, थाळ्या बडवल्या गेल्या. स्वयंपाकघरातील हत्यारे राजकारणाची हत्यारे होऊ शकतात हे त्या मोर्चांनी दाखवले. खाद्यसंस्कृतीचा खरा गौरव पाहायचा असेल तर तो तेथे पाहावा.

पन्नास वर्षांनी चित्र पालटले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्वारी-बाजरी-नाचणीला ‘श्रीअन्न’ ही पदवी मिळाली, दिल्लीतील वीस राष्ट्रांच्या परिषदेच्या मेजवानीत त्यांचे पदार्थ वाढले गेले. ज्याला कालपर्यंत सरकारी भाषेत ‘जाडेभरडे’ म्हणत, ते धान्य एका रात्रीत लक्ष्मीपुत्र झाले. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात एक रुपया किलोने भरडधान्य देण्याची तरतूद असताना रेशनच्या दुकानात प्रामुख्याने गहू आणि तांदूळच येत राहिला. हमीभाव जाहीर होतो, सरकारी खरेदी मात्र नाममात्र. परिणामी कोरडवाहू शेतकरी ज्वारी सोडून सोयाबीन आणि कापसाकडे वळला, ज्वारीचे क्षेत्र आक्रसले, आणि आज शहरात ज्वारी गव्हाहून महाग आहे. मजुराची भाकरी श्रीमंताच्या पथ्याचा पदार्थ झाली. मेक्सिकोच्या मिल्पाचीच ही मराठी आवृत्ती आहे.

शिवाय परंपरा म्हणताना कोणाची परंपरा, हा प्रश्न महाराष्ट्रात टाळताच येत नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकाने मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या चुलीवर काय शिजत होते आणि का शिजत होते याची नोंद केली. पूर्णब्रह्माचा श्लोक म्हणणाऱ्या समाजाने या माणसांना पंक्तीबाहेर ठेवले आणि मेलेल्या जनावराचे मांस त्यांच्या वाट्याला दिले. पुन्हा त्याच मांसासाठी त्यांना अपवित्र ठरवले. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या आणि २०१५ मध्ये मंजुरी मिळालेल्या कायद्याने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. गरिबाच्या ताटातील स्वस्त मांस गेले आणि म्हातारा बैल पोसण्याचा बोजा कोरडवाहू शेतकऱ्यावर पडला. एका वर्गाचे सोवळे ही साऱ्या राज्याची परंपरा ठरवण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला?

आणि परंपरेतील स्त्रीचे काय? मेक्सिकोत दगडावर मका वाटण्यात स्त्रीचे रोजचे कित्येक तास जात. विसाव्या शतकात गावोगाव गिरण्या आल्या, तेव्हा गिरणीच्या पिठाला चव नाही, बायका आळशी होतील, अशी कुरकूर पुरुषांनी केली. स्त्रियांनी गिरणीसाठी संघटना बांधल्या आणि १९३० च्या दशकात कार्देनास सरकारकडून गिरण्या मिळवल्या. महाराष्ट्रातही जात्यावरच्या ओव्यांचे रसग्रहण करताना अनेकांचा गळा दाटून येतो. पहाटे उठून जाते ओढणाऱ्या बाईने मात्र गिरणी येताच डोक्यावर दळण घेतले आणि मागे वळून पाहिले नाही. ओवीचे मोल मोठेच आहे. परंतु ओवी टिकावी म्हणून जाते टिकवा असे म्हणणाऱ्याने स्वतः ते ओढावे.

ताबा कोणाचा?

या साऱ्याचा निष्कर्ष परंपरा टाकून द्याव्यात असा नाही आणि त्या जशाच्या तशा पूजाव्यात असाही नाही. मिल्पाचे शहाणपण, चुन्याच्या पाण्याचे विज्ञान, हैतीच्या सुपातील समता ही कष्टकऱ्यांची कमाई आहे आणि ती जपलीच पाहिजे. जातीची पंगत आणि स्त्रीच्या मानेवरचे जू हीदेखील परंपराच आहे आणि ती मोडलीच पाहिजे. या दोहोंत निवड करण्याचा अधिकार अन्न पिकवणाऱ्या, रांधणाऱ्या आणि उपाशी राहणाऱ्या माणसांचा आहे. तो अधिकार जमीन, भाव आणि बाजार यांवरील ताब्यावाचून पोकळ राहतो.

म्हणून भरडधान्याच्या पुढच्या महोत्सवाचे निमंत्रण येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी तेथे अवश्य जावे आणि व्यासपीठावरील मंडळींना साधे प्रश्न विचारावेत. तालुक्यात ज्वारीची सरकारी खरेदी किती क्विंटल झाली? रेशनच्या दुकानात ती कोणत्या महिन्यात आली? बाहेरचे धान्य ओतले जाईल तेव्हा जकात लावण्याचा अधिकार सरकार वापरणार की करारापुढे मान तुकवणार? शाळेच्या पोषण आहारात मुलांना अंडे मिळू नये असे म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या मुलांना कोणते पोषण मिळते? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत गौरवाची भाषणे थांबवावीत. भाकरीला पदवी नको आहे. ती पिकवणाऱ्याला परवडणारा आणि खाणाऱ्याला झेपणारा भाव हवा आहे.